तिला धावावं का लागलं?

हे फॉरवर्ड तुमच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेलं असणार. पासष्टीच्या आसपासची, नऊवारी नेसलेली एक बाई बारामतीच्या रस्त्यावरून अनवाणी धावतेय. खाली मजकूर असा: नवऱ्याच्या एमआरआयसाठी पाच हजार रुपये नव्हते, मॅरेथॉनचं बक्षीस पाच हजारांचं होतं, म्हणून ती धावली आणि जिंकली. काही आवृत्त्यांमध्ये आधी एक प्रसंगही असतो. नवरा-बायको दवाखान्यातून खिन्न होऊन बाहेर पडतात, भूक लागली म्हणून दोन समोसे घेतात, आणि समोशाखालच्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर नेमकी त्या स्पर्धेची बातमी असते. शेवटी जोडलेल्या हातांची इमोजी आणि ‘वय हा फक्त आकडा आहे’ हे वाक्य.

बाई खरी आहे, शर्यतही खरी आहे. लता भगवान करे. बुलडाणा जिल्ह्यातून मजुरीच्या मागे बारामतीकडे आलेलं, दुसऱ्यांच्या शेतात रोजंदारीवर राबणारं हे कुटुंब. २०१३-१४च्या हिवाळ्यात बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या गटात त्या पहिल्या आल्या. नंतरच्या वर्षांतही तिथे धावल्या आणि जिंकल्या. पुढे या घटनेवर ‘लता भगवान करे’ नावाचा मराठी चित्रपट आला. दिग्दर्शक नवीन देशबोईना, मूळचे तेलुगू भाषक. चित्रपट जानेवारी २०२०मध्ये प्रदर्शित झाला आणि मार्च २०२१मध्ये जाहीर झालेल्या ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये लताबाईंच्या कामाचा विशेष उल्लेख झाला. कारण पडद्यावर लता करे यांची भूमिका लता करे यांनीच केली आहे.

म्हातारपण चांगलं जायला काय लागतं, याबद्दल आपण एकमेकांना ज्या गोष्टी सांगतो त्यांतली सध्याची सगळ्यांत लोकप्रिय मराठी गोष्ट बहुधा हीच असेल. म्हणून ती नीट वाचायला हवी. मला वाटतं, आपण तिचं उत्तर पाठ केलंय आणि प्रश्न वाचायचा राहूनच गेलाय. उत्तर सगळ्यांना माहीत आहे: जिद्द. प्रश्न असा आहे की, साठी उलटलेल्या एका बाईला नवऱ्याच्या तपासणीसाठी रस्त्यावर धावावं का लागलं?

स्वतःचीच भूमिका

आधी चित्रपटाबद्दल, आणि त्यातही आधी चांगलं.

मराठी पडद्यावरचं म्हातारपण बहुतेक वेळा रंगपटात तयार होतं. केसांना पांढरं लावायचं, कंबरेत वाकायचं, वाक्यावाक्याला खोकायचं, की झाली म्हातारी. ‘लता भगवान करे’मध्ये हे काहीच करायची गरज पडली नाही. कॅमेऱ्यासमोर जे शरीर आहे ते आयुष्यभर उन्हात वाकून काम केलेलं शरीर आहे. त्या पायांचा, त्या हातांचा, त्या चालीचा अभिनय कुणाला शिकवता आला नसता. घरची माणसंही चित्रपटात आहेत. बाहेरच्या भाषेतून आलेल्या दिग्दर्शकाने इथली एखादी ओळखीची नटी न घेता लताबाईंनाच उभं केलं, हा या चित्रपटाचा सगळ्यांत धाडसी आणि सगळ्यांत बरोबर निर्णय. राष्ट्रीय पुरस्कारांच्या परीक्षकांनी दाद दिली तीही त्यालाच.

नावही नीट पाहा. ‘लता भगवान करे.’ मधलं नाव नवऱ्याचं. आपल्याकडे सगळ्याच लग्न झालेल्या बायकांची नावं अशी लिहितात, त्यामुळे ते डोळ्यांत भरत नाही. पण इथे या मधल्या नावावरच सगळी गोष्ट उभी आहे. भगवान आजारी आहेत म्हणून लता धावतात. मजुरांच्या घरात नवरा-बायको ही कमाईचीसुद्धा जोडी असते. ऊसतोडीत तर अशा जोडीला एक ‘कोयता’ म्हणूनच मोजतात. जोडीतलं एक माणूस अंथरुणाला खिळलं की दुसऱ्याची मजुरीही बुडते. त्यामुळे नवऱ्यासाठी धावणारी बायको ही फक्त पातिव्रत्याची कथा म्हणून वाचली तर अर्धीच हाती लागते.

अडचण साच्यात आहे. धावपटूंवरच्या चित्रपटांचा एक ठरलेला साचा असतो. आधी हालअपेष्टा, मग शर्यत, मग फीत तोंडून मोकळा श्वास. आपल्या चित्रपटाच्या नावालाही ‘संघर्ष’ हा शब्द जोडलेला आहे. या साच्यात गरिबी हा शर्यतीतला अडथळा होतो आणि नायिका तो ओलांडते. अडथळा कुणी ठेवला हे विचारायची सोय साच्यात नसते, कारण अडथळ्याशिवाय शर्यतीला रंग कसा येणार? शिवाय खेळाच्या चित्रपटात बक्षीस म्हणजे मानाची गोष्ट. इथे बक्षिसाचं मोल वेगळंच आहे. तपासणीची रक्कम आणि बक्षिसाची रक्कम जुळली म्हणून ही शर्यत घडली. तपासणी पाचशे रुपयांत झाली असती तर लताबाई त्या दिवशी कामावर गेल्या असत्या. चित्रपट निघाला नसता, फॉरवर्ड आलं नसतं, आणि त्यांचं बरंच झालं असतं.

निवृत्त न होणारी माणसं

मराठी साहित्यात, नाटकात, सिनेमात म्हातारपण कमी नाही. पण ते कुणाचं आहे?

१९७०मध्ये रंगभूमीवर आलेल्या शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर होतं नव्हतं ते मुलांना वाटून टाकतात आणि मग घराला मुकतात. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त मुलं लांब आणि घरात दोघंच. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे पंडित स्मृती हरवत हरवत एका हत्तीच्या मागे निघून जातात. तिन्ही कलाकृती मोठ्या आहेत. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे कसं बघायचं, हे आपण निम्मं यांच्याकडूनच शिकलो.

पण तिन्हींत एक गोष्ट समान आहे. या माणसांकडे हरवायला काहीतरी आहे: घर, मुलांचं प्रेम, विद्या, आठवण, नाव. शोकांतिका घडते ती या हरवण्यातून. आणि ही माणसं निवृत्त झालेली आहेत, किंवा तशी वेळ त्यांच्या आयुष्यात येऊन गेली आहे. निवृत्ती यायला आधी नोकरी लागते, निदान एखादं कवतिकाचं काम लागतं, ज्याचा समारंभ करून हार घालता येतो. शेतमजूर बाईच्या आयुष्यात अशी तारीख येत नाही. खुरपणीला बोलावणं येतंय तोवर ती जाते, आणि बोलावणं बंद झालं की समजते, आपण म्हाताऱ्या झालो.

‘अस्तु’मध्ये एक फट दिसते. वाट चुकलेल्या पंडितांना सांभाळते ती माहुताची बायको. अमृता सुभाष यांनी केलेली ही बाई कानडी बोलते, तिच्या घरात काही नाही, आणि तरी या अनोळखी म्हाताऱ्याला ती लेकरासारखं जेवू घालते. चित्रपट संपल्यावर माझ्या डोक्यात राहिला तो एक साधा प्रश्न. ही बाई म्हातारी झाल्यावर तिला कोण सांभाळणार? मराठी कलेने हा प्रश्न फारसा पुढे नेलेला नाही. ‘लता भगवान करे’चं महत्त्व इथे आहे. ज्या बाया आजवर दुसऱ्यांच्या म्हातारपणाच्या गोष्टीत कडेला उभ्या होत्या, त्यांच्यातली एक मधोमध आली. फक्त मधोमध येण्यासाठी तिला धावत यावं लागलं.

सकाळची यादी

आता गोष्टीतून यादीकडे. तीही तुम्हाला पाठ असेल, कारण घरच्या ग्रुपवर ती आठवड्यातून एकदा तरी येते. रोज चाला. कमी खा. माणसांत राहा. काहीतरी ध्येय ठेवा. चिंता करू नका. वेळच्या वेळी तपासण्या करून घ्या. रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर ‘इकिगाई’ मराठीतही मिळतं. जपानमधल्या ओकिनावाच्या दीर्घायुषी म्हाताऱ्यांवरचं हे पुस्तक म्हणजे अशाच यादीची नेटकी आवृत्ती.

ही यादी खोटी नाही. लताबाईंना लावून बघा. चालणं? जन्मभर. कमी खाणं? ते निवडावं लागलं नसेल. माणसं? घर होतं, नवरा होता. ध्येय? त्याहून ठळक ध्येय कुठून आणायचं! यादीतल्या जवळपास सगळ्या चौकटींवर बरोबरची खूण करता येते. राहते फक्त शेवटची, तपासण्यांची. त्या एका चौकटीसाठी बाकीच्या सगळ्या पणाला लावाव्या लागल्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५च्या आपल्या अहवालात ‘निरोगी वृद्धत्वा’ची जी व्याख्या केली ती या यादीपेक्षा पुढची आहे. आजार नसणं ही त्यांची कसोटी नाही. माणसाला जे करणं मोलाचं वाटतं ते करता येण्याची क्षमता टिकून राहणं, ही कसोटी आहे. आणि ही क्षमता दोन गोष्टींची मिळून बनते: माणसाच्या अंगातलं बळ आणि भोवतालची परिस्थिती. गुडघे चांगले असून उपयोग नाही, जर दवाखान्याला जायला गाडी नसेल. आणि गुडघे गेले असले तरी बिघडत नाही, जर दाराशी उतार असेल, हाताशी काठी असेल आणि सोबतीला कुणी असेल. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक याच विषयाला दिलंय.

प्रेरणेच्या गोष्टी या दोनपैकी फक्त पहिली बाजू सांगतात. अंगातलं बळ. दुसरी बाजू गप्प.

आणि अंगातल्या बळाबद्दलही आपण फार पटकन हुरळतो. व्यायाम आणि कष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळी बूट घालून नदीकाठी चालणारा माणूस थकला की थांबतो, घरी येऊन नाश्ता करतो. खुरपणीची बाई थकली तर वाफा अर्धा राहतो आणि मजुरी कापली जाते. जे वाकणं एकीचे पाय पासष्टीपर्यंत शाबूत ठेवतं, तेच दुसरीची कंबर पन्नाशीत मोडतं. लताबाई जिंकल्या म्हणून रानातलं काम हे म्हातारपणाचं टॉनिक ठरत नाही. ज्या शर्यतीला आल्याच नाहीत, त्यांचे गुडघे या गोष्टीत मोजलेलेच नाहीत.

मी इंदापूर तालुक्यातला. माझ्या आजीने निमगाव केतकीच्या बाजूला पानमळ्यांत आणि उसात रोजंदारी केली. ती थकून घरी बसली, तेव्हा एका नातेवाइकाने तिला फोनवर हाच व्हिडिओ दाखवला आणि म्हणाला, “बघ आजे, तुझ्याच वयाची हाय, पळतीया. तू नुसती बसून ऱ्हातीस.” आजीने शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाली, “तिला पळावं लागलं रं. मला नाही लागलं. ह्यात कुणाचं बरं झालं?”

या चित्रपटाबद्दल मी जेवढं वाचलंय, त्यात यापेक्षा नेमकी समीक्षा मला सापडलेली नाही.

पाच हजार रुपये

आजीच्या प्रश्नाचं उत्तर हिशेबात आहे, तेव्हा हिशेब करू.

महाराष्ट्रात ६५ वर्षांपुढच्या गरीब माणसांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. २०१३-१४मध्ये तिची रक्कम होती महिन्याला ६०० रुपये. म्हणजे पाच हजारांची एक तपासणी म्हणजे आठ महिन्यांहून जास्त पेन्शन, तीही त्या काळात एक दाणा न खाता. २०१९मध्ये रक्कम १००० झाली, २०२३मध्ये १५००. तरी तेवढ्याच तपासणीला आजही तीन महिन्यांहून जास्त लागतात.

पेन्शन मिळायला वय सिद्ध करावं लागतं. लताबाईंचं वय बातम्यांत वेगवेगळं छापून आलंय. फॉरवर्डच्या दृष्टीने दोन-चार वर्षं इकडची तिकडं झाली तर काय बिघडतं? पण ‘वय हा फक्त आकडा आहे’ हे वाक्य तहसील कचेरीत चालत नाही. तिथे आकड्याचा कागद लागतो. त्या पिढीच्या कितीतरी बायकांकडे ना जन्माची नोंद, ना शाळा सोडल्याचा दाखला. मग सरकारी दवाखान्यातून वयाचा दाखला आणायचा. उत्पन्नाचा दाखला वेगळा, आणि या योजनेची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार रुपये. रोज मजुरीला जाणाऱ्या माणसाला एकेका दाखल्यासाठी एकेक दिवसाची मजुरी मोडावी लागते. मजुरीसाठी जिल्हा सोडून आलेल्यांचे निम्मे कागद मागेच राहिलेले असतात.

उपचारांच्या योजना? राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ला राज्यभर लागू झाली. अगदी त्याच हिवाळ्यात. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान भारतमध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळालं. बारामतीत २०१९मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. या सगळ्याला मी कमी लेखत नाही. पण या योजनांचा भर दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. गरीब म्हातारा माणूस अडतो तो त्याच्या कितीतरी आधी. आज मजुरी बुडवून जायचं का, गाडीभाडं कुठून आणायचं, डॉक्टरने लिहून दिलेली तपासणी करायची की ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणायचं. लाखांचं संरक्षण असतं आणि हजारांसाठी पाय अडतो. लताबाई अडल्या त्या याच पायरीवर.

ही पायरी ओलांडायला मदत कोण करतं? इथे पुन्हा ‘इकिगाई’कडे यायला हवं. ओकिनावाच्या म्हाताऱ्यांबद्दल बोलताना त्या पुस्तकात ‘मोआई’ नावाची एक गोष्ट येते. वाचणारे ती ‘मित्रांचा गट’ म्हणून लक्षात ठेवतात. पण मोआईत सभासद दरमहा ठरलेले पैसे टाकतात, आणि जमलेली रक्कम पाळीने किंवा नडीला एकाला मिळते. म्हणजे आपली भिशी! जगभर विकल्या गेलेल्या दीर्घायुष्याच्या गुपितांतलं एक गुपित बारामतीच्या गल्लीगल्लीत आहे, आणि त्याचं नाव भिशी किंवा बचत गट आहे. माणसांत राहिल्याने मन रमतं हे खरंच. पण माणसांत राहण्याचा दुसरा फायदा असा की रात्री नऊ वाजता पाच हजार मागायला एक दार असतं.

मात्र भिशीत बसायला दरमहा टाकायला पैसे लागतात, आणि बचत गटात यायला गावात मुळं लागतात. दुसऱ्या जिल्ह्यातून मजुरीला आलेल्या बाईकडे दोन्ही नसतात. तिच्या दारात येतो तो खासगी कर्जवाला, आठवड्याच्या हप्त्याची वही घेऊन. अशा बाईसमोर पाच हजारांची मॅरेथॉन आली तर तीच त्यातल्या त्यात स्वस्त वाट ठरते, कारण तिला व्याज नाही.

बेलवाडीच्या बाया

चित्रपटाने आणि फॉरवर्डने लताबाईंचं धावणं अद्भुत करून टाकलं. नऊवारीत! अनवाणी! या वयात! पण बारामती-इंदापूरच्या माणसाने याचं एवढं नवल का करावं, हे मला कळत नाही. म्हाताऱ्या बाया लुगडं नेसून धावताना आम्ही दर आषाढीच्या वारीत बघतो.

तुकोबांची पालखी देहूहून निघून उंडवडीच्या जिरायती माळावरून बारामतीत येते. पुढे काटेवाडीला मेंढ्या पालखीभोवती रिंगण घालतात. मग सणसर, आणि इंदापूर तालुक्यातल्या बेलवाडीला पहिलं गोल रिंगण. निमगाव केतकीचा मुक्काम करून पालखी इंदापूरला येते, तिथे दुसरं. सराटीला नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो. बेलवाडीच्या मैदानात घोडे धावतात ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. घोड्यांच्या आधी पताकावाले धावतात, डोक्यावर तुळशीवृंदावन आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात. त्या बायांमध्ये साठी ओलांडलेल्या कितीतरी असतात. एका हाताने तुळस धरलेली, दुसऱ्या हाताने निऱ्या सावरलेल्या. तिथे पहिलं कुणी येत नाही. फेरी संपली की सगळ्याजणी बसून पाणी पितात, आणि मग फुगड्या सुरू होतात.

धावणं सारखंच. वयही सारखंच. फरक आहे तो त्यांच्या मागे काय उभं आहे यात. वारीतली म्हातारी एकटी चालत नाही. तिची दिंडी असते, दिंडीचा रथापुढचा किंवा रथामागचा क्रमांक असतो. तिचं गाठोडं टेम्पोत असतं. मुक्कामाला तंबू आणि शिजलेलं अन्न तयार असतं. वाटेवर पाण्याचे टँकर, औषधांचे तंबू, पाय चोळून देणारी गावोगावची पोरं. पुढे चालणारीला ती ओळखते, मागची तिला. दिसली नाही तर अर्ध्या तासात कुणीतरी विचारतं, “मावशी कुठाय?” देहू ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट सत्तरीची बाई चालून जाते यात तिच्या श्रद्धेचा आणि पायांचा वाटा मोठा आहेच. पण श्रद्धा आणि पाय बाकीच्या महिन्यांतही तिच्याकडे असतात, आणि तरीही तेव्हा तिला तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचता येत नाही. वारीत पोचता येतं, कारण त्या वीसेक दिवसांपुरती तिच्याभोवती एक व्यवस्था चालत असते.

मी वारीला गुलाबी करायला बसलेलो नाही. बायांच्या संडास-मोरीचे हाल वारीत आजही होतात. जनावरांकडे बघायला घरी कुणी नाही म्हणून आयुष्यात एकदाही न गेलेल्या म्हाताऱ्या माझ्याच गावात आहेत. माझं म्हणणं इतकंच, की म्हाताऱ्या माणसाचं बळ आणि भोवतालचा आधार एकत्र आले की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच रस्त्यावरून दरवर्षी जातं. जागतिक अहवालाची व्याख्या बेलवाडीच्या मैदानात डोळ्यांनी बघता येते.

त्याच रस्त्यांच्या बारामतीत लताबाई धावल्या तेव्हा त्यांच्यामागे दिंडी नव्हती.

जिंकल्यानंतर

राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले मार्च २०२१मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, भगवान करे गेले. ज्यांच्यासाठी ती शर्यत होती ते. वर्तमानपत्रांनी बातमी दिली, पण फॉरवर्ड बदललं नाही. माझ्या फोनवर ते अजूनही जुन्याच शेवटासह येतं. प्रेरणेच्या गोष्टीला जिंकल्यानंतरचा काळ नको असतो. म्हातारपण मात्र बरंचसं त्याच काळात असतं: एक तपासणी झाली की दुसरी, एक आजारपण गेलं की पुढचं, जोडीतलं एक माणूस गेलं की उरलेल्या माणसाचे दिवस.

चित्रपटाला यासाठी दोष देता येणार नाही, तो आधीच पूर्ण झाला होता. पण चित्रपट म्हणून त्याचं मोजमाप करताना मी असं म्हणेन: त्याने एका मजूर बाईचं वयस्क शरीर मराठी पडद्यावर खऱ्या रूपात आणलं, आणि मग त्या शरीराला आपल्या ओळखीच्या साच्यात पळवलं. पहिल्या गोष्टीसाठी तो बघायलाच हवा. दुसरीसाठी तो बघताना सावध राहायला हवं. विशेषतः आपण, म्हणजे ज्यांचे आई-बाप आता साठीकडे झुकतायत आणि ज्यांच्या फोनवरून हे व्हिडिओ त्यांना जातात. ‘बघ, ती या वयात धावते’ असं पाठवताना आपण नकळत म्हणत असतो की, तुझं तू बघ.

मला कधीतरी एक वेगळा चित्रपट बघायचाय. त्यातली पासष्टीची बाई सकाळी नवऱ्याला घेऊन एसटीत बसते, दोघांचं अर्धं तिकीट. तालुक्याच्या दवाखान्यात त्याची तपासणी होते, त्याच दिवशी, पैसे न मोजता. रांगेत गटातली एक ओळखीची बाई भेटते, तिच्याकडून कळतं की पेन्शन जमा झाली. दुपारी दोघं समोसा खातात. समोशाखालच्या कागदावर कुठल्याशा शर्यतीची बातमी असते. बाई ती वाचते, कागदाचा बोळा करून टाकून देते आणि घरी येऊन संध्याकाळी मेथी निवडत बसते.

असा चित्रपट कुणी काढणार नाही, कारण त्यात गोष्टच नाही. माझी आजी मात्र तो शेवटपर्यंत बघेल.